ओढेल हो, पण थांबेल का? छोट्या एसयूव्हीमागे कॅम्पर जोडण्याआधी

खान्देशात दारात नवी गाडी आली की पेढा तोंडात जायच्या आत दोन प्रश्न येतात. अ‍ॅव्हरेज किती देते? आणि पिकअप कसा आहे? हल्ली त्यात तिसरा मिसळू लागलाय: मागे कॅम्पर जोडता येईल का? मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून ही हौस वाढली आहेच. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात मोटारीमागे जोडायच्या छोट्या कॅम्परचाही समावेश आहे. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींना वाटतं की चार दिवस सुट्टी काढावी, भरिताची वांगी टाकावीत आणि सरळ तोरणमाळ गाठावं.

हौसेला मोल नाही, पण वजनाला आहे. म्हणून आधी मुळापासून बघू.

कॅम्पर म्हणजे दोन चाकांवरची छोटी खोली. त्यात दोघांना झोपता येतं, मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा ओटा निघतो. थेंबाच्या आकाराचे जे छोटे कॅम्पर दिसतात ते रिकामे असताना साधारण ३०० ते ७०० किलो भरतात. आणि क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीप, पण अंगाने कार. ट्रक किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. क्रॉसओव्हरला वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. याला मोनोकॉक म्हणतात. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या बहुतेक ‘एसयूव्ही’ या जातीच्याच आहेत.

‘भो, डिझेल आहे, काहीही ओढेल!’

ओढेल, यात वाद नाही. सपाट डांबरी रस्त्यावर ६०० किलोचा कॅम्पर गडगडत ठेवायला फक्त सात-आठ किलोचा जोर पुरतो. दोन पोरं तो अंगणात इकडून तिकडे ढकलू शकतात. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध येतो, चढ आला की वजन जाणवतं, तरी आजच्या इंजिनांना ते जड नाही.

म्हणूनच गाडी किती ओढू शकते हा आकडा कंपनी नुसत्या इंजिनाच्या ताकदीवरून ठरवत नाही. अमेरिकेत विकली गेलेली पाचव्या पिढीची टोयोटा राव्ह-४ बघा. २.५ लिटरचं तेच पेट्रोल इंजिन, पण साध्या मॉडेलला मर्यादा १,५०० पौंडांची, म्हणजे ६८० किलो, आणि अ‍ॅडव्हेंचर मॉडेलला ३,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे १,५८८ किलो. इंजिन तेच असताना आकडा दुपटीहून जास्त बदलतो. कारण तो आकडा ठरवताना वेगळेच प्रश्न विचारलेले असतात: मागून एवढं ओझं रेटत असताना गाडी थांबेल का, सरळ राहील का, तापेल का आणि मागचा सांगाडा टिकेल का.

या प्रश्नांचं उत्तर तुमच्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतं. ‘ट्रेलर’ किंवा ‘टोइंग’ हे पान काढा. तिथे दोन आकडे सापडतील: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर किती किलो, आणि असतील तर किती. भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की या गाडीमागे ट्रेलर जोडू नये. तसं असेल तर विषय तिथेच संपला. ‘त्याच नावाची गाडी ऑस्ट्रेलियात ओढते की’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. तिकडच्या गाडीचं कूलिंग, मागचा सांगाडा, ट्रेलर डोलू लागला तर सावरणारं सॉफ्टवेअर, यातलं काहीही वेगळं असू शकतं. आणि उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर कंपनी तुमच्या हातातल्या पुस्तिकेवरच बोट ठेवणार.

ओझं मागे असतं, पण थोडं गाडीवरही बसतं

कॅम्परचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. त्याची दांडी गाडीमागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते आणि तेवढा भार थेट गाडीवर येतो. आपण याला दांडीचा भार म्हणू.

तो किती असावा हे ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला शिकवायला नको. कडबा मागे जास्त रचला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं आणि चढावर फजिती होते. पुढे जास्त रचला की बैलांच्या माना मोडतात. कॅम्परचं अगदी तेच. मागे जास्त सामान भरलं तर दांडी गाडीला वर उचलू बघते, मागची चाकं हलकी होतात आणि कॅम्पर शेपटीसारखा डोलायला लागतो. पुढे जास्त भरलं तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

अमेरिकेत कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर ठेवतात. युरोपात तो कमी, साधारण ५ ते ७ टक्के. वर गाडीची स्वतःची मर्यादाही असते, क्रॉसओव्हरला बहुधा ७५ ते १०० किलोच्या घरात. यात जो आकडा लहान, तो पाळायचा. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटरी या जड वस्तू कॅम्परच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवायच्या. एकदम मागे लटकवलेली स्टेपनी आणि दोन सायकली फोटोत छान दिसतात, रस्त्यावर नाही.

आता हिशेब करून बघू. समजा तुमच्या गाडीचं कमाल मान्य वजन २,००० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचं १,५५०. म्हणजे माणसं आणि सामान धरून ४५० किलोची मुभा. आई-वडील, तुम्ही दोघं आणि एक वाढता मुलगा मिळून ३४० किलो. डिकीत कपडे, तंबू, डबे, पाणी मिळून ६०. टो बार, म्हणजे गाडीखाली बोल्टने बसवायचा जोडदांडा, २०. झाले ४२०. त्यात दांडीचा भार ६० आला की ४८०. गाडी ओव्हरलोड झाली, आणि कॅम्परचं चाक अजून हललेलंही नाही! पाच माणसं आणि कॅम्पर हे गणित छोट्या एसयूव्हीत सहसा बसत नाही. तिघं आणि कॅम्पर बसतं. मागच्या स्प्रिंगमध्ये हवेचे फुगे घालून गाडी वर उचलता येते, त्याने गाडी सरळ दिसते, पण मान्य वजन एक किलोनेही वाढत नाही.

अंदाजावर जाऊ नका. आपल्याकडे जिनिंगजवळ, केळीच्या वखारीजवळ भुईकाटे आहेत. कापसाच्या गाड्यांची रांग नसेल तेव्हा जा. आधी भरलेली गाडी एकटी, मग नुसता कॅम्पर, मग दोन्ही जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर. पहिला आणि तिसरा आकडा वजा केला की दांडीचा भार मिळाला. काटा मोठ्या ट्रकांसाठीचा असल्याने पाच-दहा किलो इकडेतिकडे होतील. नेमका आकडा हवा असेल तर घरचा वजनकाटा दांडीखाली लाकडी ठोकळ्यावर ठेवून बघा.

‘ट्रॅक्टरची ट्रॉली तर बिनब्रेकची चालते’

हा आक्षेप खान्देशात हमखास येतो, आणि तो वावगाही नाही. ट्रॉल्या आपण जन्मापासून बघतोय. पण ट्रॅक्टर चालतो ताशी पंचवीसच्या आसपास आणि एसयूव्ही चालते ऐंशीने. वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तेच वजन पंचवीसवर थांबवायला जेवढी लागते, त्याच्या दहापट ऐंशीवर लागते. शिवाय उतारावर ट्रॉलीने ट्रॅक्टरला रेटून आडवं केल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

ब्रिटनमध्ये नियमच आहे: ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मा, यात जे कमी असेल त्याहून जड नको. माझं मत त्याहून कडक आहे. घाट उतरायचा असेल तर कॅम्पर चारशे किलोचा असला तरी ब्रेकवालाच घ्यावा.

कॅम्परचे ब्रेक दोन तऱ्हेचे. एक, ओव्हररन ब्रेक: गाडीने ब्रेक लावला की मागून येणारा कॅम्पर आपल्याच रेट्याने दांडी आत दाबतो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक लागतात. यात वीज नाही, स्विच नाही, साधी यंत्रणा. दुसरे विजेवरचे: ड्रायव्हरजवळ एक छोटा कंट्रोलर बसतो आणि गाडीचा ब्रेक दाबला की तो कॅम्परच्या ब्रेकला करंट देतो. याचा मोठा फायदा असा की फक्त कॅम्परचा ब्रेकही हाताने लावता येतो. मागचं डोलायला लागलं की हाच उपयोगी पडतो.

तोरणमाळसारखा घाट घ्या. २,००० किलोची गाडी आणि ६०० किलोचा कॅम्पर ९०० मीटर खाली आणायचा तर त्या उतारात सहा युनिटांहून जास्त विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत गेली तर त्या लाल होतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. घाटात ट्रकचा ‘ब्रेक फेल’ होतो तो बहुतेक असाच. म्हणून घाटाच्या तोंडाशीच गिअर खाली आणायचा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसरा-तिसरा धरायचा आणि वेग इंजिनाला रोखू द्यायचा. ब्रेक मध्येमध्ये जोरात लावून सोडायचा. पाय सतत हलका टेकवून ठेवला की चकत्यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय असलेल्यांनी कॅम्पर घेऊच नये.

हायवेवर शेपूट हलायला लागली तर

धुळे-सुरत रस्त्यावर भरधाव लक्झरी बाजूने गेली की तिच्या हवेचा धक्का आपल्या गाडीलाही जाणवतो. मागे कॅम्पर असेल तर तो धक्का त्याच्या सपाट बाजूवर बसतो आणि तो डावी-उजवीकडे डोलू लागतो. एक-दोनदा डोलून थांबला तर ठीक. वाढत गेला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि कॅम्परचा वेगळा ब्रेक असेल तर तो हलकेच लावा. डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवणं आणि कचकन ब्रेक मारणं, या दोन गोष्टी करायच्या नाहीत. वेग वाढवून ‘ताणून सरळ’ करायचा सल्लाही कुणी देईल, तो ऐकू नका.

खरा उपाय मात्र निघण्याआधीचा: दांडीचा भार बरोबर, टायरमध्ये हवा पूर्ण आणि वेग कमी. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला साधारण ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, कॅलिफोर्नियात ५५ मैलांची, म्हणजे ८८. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा बरे असूनही. आपल्याकडे रात्री दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते. सत्तर पुरे.

‘आपला लेथवाला निम्म्या पैशात करून देतो’

आपल्याकडचे वेल्डर हुशार आहेत, याबद्दल दुमत नाही. ट्रॉलीची हाडं तेच जोडतात. पण ट्रॉलीचं लोखंड आणि मोनोकॉकचा पत्रा यांत फरक आहे. आजच्या गाड्यांच्या सांगाड्यात विशेष मजबूत पोलाद वापरतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तीच मजबुती जाते. वरून जोड पक्का दिसतो, आणि शेजारचा पत्रा वर्षभराने फाटतो. म्हणून टो बार कंपनीने ठरवलेल्या जागीच, बोल्टनेच, ठरलेल्या ताणाला आवळून बसवायचा. गाडीच्या टूलकिटमध्ये स्क्रू करून लावायचा जो हुक मिळतो तो बंद पडलेली गाडी थोडं अंतर ओढण्यासाठी असतो, कॅम्परसाठी नाही. नुसत्या बंपरला तर काहीच लावू नका.

दुसरी बारीक गोष्ट गोळ्याची. युरोपी मापाचा गोळा ५० मिलिमीटरचा. अमेरिकी मापाचा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. डोळ्याला फरक दिसत नाही. पण दांडीच्या टोकाला गोळ्यावर बसणारं टोपण असतं, त्या दोन इंचांच्या टोपणात ५० चा गोळा बसवला की त्यात आठ दशांश मिलिमीटर खेळ राहतो. खड्ड्याखड्ड्याला टोपण आपटतं, झिजतं, आणि एखाद्या मोठ्या गतिरोधकावर गोळा टोपणातून उसळून बाहेर येऊ शकतो. उलट केलं तर टोपण पूर्ण बसतच नाही, वरचा खटका नुसता लागल्यासारखा वाटतो. गोळ्यावर आणि टोपणावर माप कोरलेलं असतं, बोटाने धूळ पुसून दोन्ही वाचा. जोडल्यावर कॅम्परच्या पुढच्या छोट्या चाकाच्या जॅकने दांडी वर उचलून बघा. गाडीचं मागचं अंगही सोबत उचललं गेलं तर खटका नीट लागला.

त्याखाली दोन साखळ्या, एकमेकींना छेदून. टोपण निसटलंच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. ब्रेकवाल्या कॅम्परला आणखी एक बारीक वायर असते, जोड तुटला की ती ओढली जाऊन कॅम्परचे ब्रेक आपोआप लागतात. ती साखळीला नाही, गाडीला अडकवायची.

वायरी कापू नका

कॅम्परला मागचे दिवे, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर लागतात. त्यासाठी सात किंवा तेरा पिनांचं सॉकेट बसतं. जुन्या गाडीत टेललाइटची वायर सोलून जोड मारला की काम व्हायचं. नव्या गाडीत प्रत्येक दिव्यावर कॉम्प्युटरची नजर असते. जास्तीचा करंट गेला की त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि डॅशबोर्डवर दिवे लागतात. त्यासाठी वेगळं वायरिंग मॉड्यूल मिळतं, ते गाडीच्या वायरीकडून नुसती खूण घेतं आणि कॅम्परला वीज बॅटरीवरून देतं. फ्रिज चालवायचा असेल तर कॅम्परच्या बॅटरीसाठी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेचं व्होल्टेज हवं तेवढं करून देणारा चार्जर, घ्या; नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारा डायनामो, मधूनच व्होल्टेज कमी करतो आणि मागची बॅटरी उपाशी राहते.

मे महिन्यातला गिअरबॉक्स

भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गाडीला थंड ठेवणारी हवाच गरम असते. वर एसी फुल, मागे कॅम्पर आणि पुढे चढ. इंजिनचा काटा दिसतो तरी, गिअरबॉक्सचा बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच कोरडे असतील तर चढावरच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना ते घासून तापतात. सीव्हीटी, म्हणजे ठरलेल्या गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, त्याचा पट्टाही सततच्या ओझ्याला कंटाळतो. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे तेलातून जोर पोचवणारा जुना ऑटोमॅटिक किंवा मॅन्युअल यापेक्षा बरा. कंपनी तुमच्या मॉडेलसाठी गिअरबॉक्स ऑइलचा कूलर देत असेल तर तो घ्या, आणि ऑइल पुस्तिकेतल्या ‘कठीण वापर’ या वेळापत्रकाने बदला. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पहाटे निघणं.

आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहन आहे. त्याची नोंदणी लागते. कलम ६१ म्हणतं की ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे, म्हणजे तुमची एमएच-१९ असो की एमएच-१८, मागच्या पोलिसाला तो वाचता यायला हवा. कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही. म्हणून कॅम्पर घेताना त्याची मान्यतेची कागदपत्रं विक्रेत्याकडून आधी घ्या आणि टो बार लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवण्यात अर्थ नाही. आणि चालत्या कॅम्परमध्ये कुणालाही बसवू नका, झोपलेल्या पोरांनासुद्धा.

‘एवढं करण्यापेक्षा छतावर तंबू बरा नाही का?’

दोघं असाल तर खरंच बरा. त्याला वेगळी नोंदणी नाही, रिव्हर्सची भानगड नाही. फक्त छताची मर्यादा बघा, चालत्या गाडीत ती अनेक मॉडेलना ७५ किलोच्या आसपास असते आणि तंबूच ५०-६० किलो भरतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर तंबूच बघावा, कॅम्पर जोडला की एका चार्जमधलं अंतर जवळपास निम्म्यावर येतं.

तरी कॅम्परच हवा असेल तर आधी रिव्हर्स शिका, ऊस किंवा केळी निघून गेलेल्या मोकळ्या वावरात. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला हात धरा. हात डावीकडे नेला की कॅम्परचं मागचं अंग डावीकडे जातं. जिथे पुढे येता येतं तिथे दोनदा पुढे यायला लाजायचं नाही. वळताना कॅम्परची चाकं गाडीपेक्षा आतून जातात, तेव्हा गल्लीचा कोपरा रुंद घ्या, नाहीतर कुणाचा तरी ओटा जाईल.

पहिली फेरी तोरणमाळची नको. चाळीसगावहून पाटणादेवी घ्या, अंतर थोडं आणि घाट चढावा लागत नाही. तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा आहे, त्यामुळे रात्री थांबायचं तर वनखात्याला विचारूनच. निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून कॅम्परच्या चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग कोरडं आहे किंवा ब्रेक घासतोय. मुक्कामी पोचलात की आधी कॅम्परच्या चाकांना उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावायची, मगच गाडीपासून सोडवायचा. हा क्रम उलटा झाला की कॅम्पर उताराच्या दिशेने निघतो, आणि त्याला ब्रेक मारणारं कुणी नसतं.